रोहिणी, नीला आणि रुधिराभिसरण

प्रश्नाचे स्वरूप

मानवी हृदयातून रक्त कोणत्या मार्गाने वाहते, हे आज मराठी शाळेतील विद्यार्थ्यालाही सांगता येते. मालाडची शाळा असो वा मालवणची, तेथील मुलांना पिढ्यान्पिढ्या एकच गोष्ट शिकविली गेली आहे: हृदयापासून दूर रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे रक्त आणणारी ती नीला. हे दोन्ही शब्द सुश्रुतसंहितेत आढळतात. त्यामुळे एक अनुमान वारंवार मांडले जाते. ज्या अर्थी शब्द प्राचीन आहेत, त्या अर्थी त्या शब्दांनी दर्शविलेले ज्ञानही प्राचीन असले पाहिजे. म्हणजेच विल्यम हार्वेने इ. स. १६२८ मध्ये सांगितलेले रुधिराभिसरण भारतीय वैद्यांना शेकडो वर्षे आधीपासून अवगत होते. या अनुमानाच्या विरुद्ध टोकाला दुसरे मत उभे आहे. त्यानुसार संहिताग्रंथांतील हृदयविषयक विवेचन निव्वळ कल्पनाविलास असून त्याचा विज्ञानाशी काहीही संबंध नाही.

ही दोन्ही मते ग्रंथांच्या आणि घटनांच्या कसोटीस उतरत नाहीत. रोहिणी आणि नीला हे शब्द जुने आहेत, पण आजचा त्यांचा अर्थ नवा आहे. तो अर्थ त्यांना एकोणिसाव्या शतकापासून पाश्चात्त्य शारीरशास्त्र मराठीत उतरविण्याच्या प्रयत्नांतून प्राप्त झाला. हा अर्थबदल कसा घडला, आणि हृदयातील रक्तप्रवाहाचे ज्ञान मुंबईत प्रथम ग्रंथरूपाने आणि पुढे शस्त्रक्रियेच्या रूपाने कसे रुजले, याचा विचार येथे कर्तव्य आहे. प्रश्न केवळ शब्दांचा नाही. पूर्वजांना जे खरोखर ज्ञात होते त्याचे योग्य श्रेय त्यांना द्यावयाचे, की जे ज्ञात नव्हते त्याचे खोटे श्रेय देऊन त्यांच्या खऱ्या विचाराचा लोप करावयाचा, असा हा प्रश्न आहे.

हृदयातील रक्तमार्ग

तुलनेसाठी आजचे ज्ञान प्रथम स्पष्ट करणे इष्ट होय. हृदय हा स्नायूंचा बनलेला अवयव असून उभ्या पडद्याने त्याचे उजवा व डावा असे दोन भाग झालेले असतात. प्रत्येक भागात वरचा कप्पा रक्त स्वीकारतो व खालचा कप्पा ते पुढे ढकलतो. जुन्या मराठी पुस्तकांत यांना कर्णिका व जवनिका म्हणत. पुढे अलिंद व निलय हे शब्द रूढ झाले. सर्व शरीरातून परतलेले, प्राणवायू कमी झालेले रक्त दोन महानीलांच्या द्वारा उजव्या अलिंदात येते. तेथून त्रिदली झडपेतून ते उजव्या निलयात उतरते आणि निलयाच्या आकुंचनासरशी फुप्फुस रोहिणीतून फुप्फुसांकडे जाते. तेथील केशवाहिन्यांत त्याला प्राणवायू मिळतो. मग चार फुप्फुस नीलांतून ते डाव्या अलिंदात, द्विदली झडपेतून डाव्या निलयात आणि तेथून महारोहिणीच्या मार्गे सर्व शरीरात जाते. उलट दिशेने जाण्याची वाट झडपा बंद करतात. हृदयाच्या ठोक्यांचे जे दोन ध्वनी वैद्य ऐकतो, ते या झडपा मिटण्याच्या क्रियेशीच संबद्ध आहेत.

येथे दोन गोष्टी विशेष ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, रोहिणी व नीला यांतील भेद रक्ताच्या रंगावर अवलंबून नाही, दिशेवर अवलंबून आहे. फुप्फुस रोहिणीतून काळसर रक्त वाहते, तर फुप्फुस नीलेतून तांबडेलाल. दुसरी गोष्ट परिमाणाची आहे. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाच्या हृदयाचा निलय एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतो. मिनिटास ७० ठोके धरल्यास हे प्रमाण सुमारे ५ लिटर होते. प्रौढ शरीरातील एकूण रक्तही साधारणपणे तेवढेच असते. म्हणजे शरीरातील सर्व रक्त मिनिटाभरात एकदा हृदयातून फिरून येते. दिशा आणि परिमाण या दोन कल्पनांवाचून रुधिराभिसरणाची कल्पनाच संभवत नाही, आणि प्राचीन ग्रंथांचे परीक्षण करताना याच दोन कसोट्या लावणे न्याय्य ठरते.

संहिताग्रंथांतील विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसाव्या अध्यायात हृदयापासून निघणाऱ्या दहा महामूल वाहिन्यांचे वर्णन आहे, आणि हृदय हे ओजाचे व चेतनेचे स्थान म्हटले आहे. त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात व्यान वायू रसधातूला एकाच वेळी सर्व शरीरात सतत फेकतो, असे सांगितले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही व्यानाचे स्थान हृदय असून तो महावेगाने सर्व देहभर संचार करतो, असे म्हटले आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायानुसार रसाचे स्थान हृदय होय. तो हृदयातून चोवीस धमन्यांत प्रवेश करतो. त्यांपैकी दहा वर जातात, दहा खाली जातात व चार तिरप्या जातात. हाच रस यकृत व प्लीहा यांत जाऊन तांबडा रंग धारण करतो. हृदय हे केंद्र आहे, तेथून पोषक द्रव अखंड बाहेर पडतो आणि त्याला गती देणारी शक्ती हृदयातच वसते, हा विचार या सर्व उल्लेखांतून निःसंशय व्यक्त होतो. तो उपेक्षणीय नाही.

तथापि याच सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सातशे सिरांचे मूळ हृदय नसून नाभी आहे, असे प्रतिपादन आहे. चोवीस धमन्यांचे मूळही तेथे नाभीच सांगितले आहे. गर्भाचे पोषण नाळेवाटे होते, या निरीक्षणावर ही कल्पना आधारलेली असावी. एकाच ग्रंथाच्या दोन स्थानांत दोन मुळे सांगितली जातात, यावरून वाहिन्यांच्या उगमाविषयी एकच निश्चित सिद्धान्त प्रस्थापित झालेला नव्हता, एवढे तरी मान्य करावे लागते.

रोहिणी व नीला हे शब्द याच सिरावर्णनात येतात. सुश्रुताने सिरांचे चार वर्ग केले आहेत. वात वाहणाऱ्या त्या अरुणा, पित्त वाहणाऱ्या त्या नीला, कफ वाहणाऱ्या त्या गौरी आणि रक्त वाहणाऱ्या त्या रोहिणी. प्रत्येक वर्गात एकशे पंचाहत्तर. म्हणजे मूळ ग्रंथातील भेद हा वाहिनीतून काय वाहते यावर आणि तिच्या वर्णावर आधारलेला आहे, रक्त कोणत्या दिशेने जाते यावर नाही. सुश्रुताची नीला ही पित्ताची वाहिनी आहे. हृदयाकडे रक्त परत आणणारी वाहिनी असा अर्थ तेथे कोठेही अभिप्रेत नाही. शिवाय चार वर्गांपैकी अरुणा व गौरी या दोन संज्ञा आधुनिक परिभाषेत आल्याच नाहीत, कारण त्यांना जोडण्यासारखी वस्तू आधुनिक शारीरशास्त्रात नव्हती. शब्द निवडणाऱ्यांनी जुन्या कोठारातून सोयीचे तेवढे घेतले, हे यावरून उघड होते.

सिरांचे कार्य समजावून देताना सुश्रुताने योजलेला दृष्टान्त सर्वांत उद्बोधक आहे. जलवाहिन्यांनी बाग भिजावी, पाटांनी शेत भिजावे, तसे सिरांनी शरीराचे पोषण होते. महाराष्ट्रातील शेतकऱ्यास हा दृष्टान्त समजावून सांगण्याचे कारण नाही. मोटेचे पाणी थारोळ्यातून पाटात व पाटातून वाफ्यात जाते. वाफ्यात गेलेले पाणी मुरते, पिकास लागते, विहिरीत परत येत नाही. या कल्पनेत पाण्याला दिशा आहे, पण परतीची वाट नाही. सिंचन आणि अभिसरण यांतील भेद तो हाच.

या संदर्भात भेलसंहितेचा निर्देश अवश्य केला पाहिजे. हा ग्रंथ तंजावरच्या मराठा राजांच्या सरस्वती महाल ग्रंथसंग्रहातील एकमेव खंडित हस्तलिखितावरून ज्ञात झाला आणि इ. स. १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने तो प्रसिद्ध केला. त्यात रस हृदयातून बाहेर पडतो आणि सिरांच्या द्वारा हृदयाकडे जातो, अशा आशयाचे एक विधान आहे. प्राचीन भारतीय वाङ्मयात परतीच्या प्रवाहाच्या सर्वांत जवळ येणारे वचन हेच होय, आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यात फुप्फुसांचा उल्लेख नाही, हृदयाच्या दोन भागांचा नाही, झडपांचा नाही, परिमाणाचा नाही. पुढील टीकाकारांनी या विधानाच्या आधारे प्रयोग वा विवेचन केल्याचेही दिसत नाही. बीज होते, ते रुजले नाही.

पाश्चात्त्य वैद्यकातील परिवर्तन

प्राचीन वैद्यांची ही मर्यादा केवळ भारतीयांची होती, असे मानणे चूक ठरेल. दुसऱ्या शतकातील गेलेन हा युरोपीय वैद्यकाचा सुमारे चौदाशे वर्षे प्रमाणपुरुष होता. त्याच्या मतेही रक्त यकृतात निर्माण होते, नीलांतून शरीरभर जाते आणि अवयवांकडून उपयोगात आणले जाऊन संपते. उजव्या निलयातील काही रक्त मधल्या पडद्यातील सूक्ष्म छिद्रांतून डावीकडे झिरपते, असेही त्याने सांगितले. अशी छिद्रे नसतात. सुश्रुत आणि गेलेन या दोघांच्याही विचाराचा साचा सिंचनाचाच होता.

या साच्याला पहिला छेद कैरो येथील इब्न अल्-नफीस या वैद्याने तेराव्या शतकात दिला. पडद्यात छिद्रे नाहीत, म्हणून उजवीकडील रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येत असले पाहिजे, असे त्याने लिहिले. त्याचे हे विवेचन विस्मृतीत जाऊन इ. स. १९२४ मध्ये मुहियुद्दीन तत्तावी या इजिप्शियन वैद्याच्या प्रबंधामुळे पुन्हा विद्वानांच्या दृष्टीस आले. युरोपात मिगेल सर्व्हेटस याने १५५३ मध्ये व रेआल्डो कोलंबो याने १५५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत तोच मार्ग सांगितला. पादुआ येथील फाब्रिसियस याने नीलांतील झडपांचे वर्णन १६०३ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु त्यांचे खरे कार्य त्याला उमगले नाही. ते त्याचा शिष्य हार्वे याला उमगले.

हार्वेची युक्ती साधी होती. अर्ध्या तासात हृदयाचे हजाराहून अधिक ठोके पडतात. एका ठोक्यास अगदी थोडे रक्त बाहेर पडते असे धरले, तरी तेवढ्या वेळात बाहेर पडणारे रक्त अन्नापासून तयार होऊ शकणाऱ्या रक्ताहून, किंबहुना शरीरातील एकूण रक्ताहूनही अधिक भरते. मग ते येते कोठून आणि जाते कोठे? तेच रक्त पुन्हापुन्हा फिरते, याखेरीज अन्य उत्तर संभवत नव्हते. दुसरा पुरावा त्याने दंडाला पट्टी बांधून दिला. बेताची आवळलेली पट्टी नीला अडविते व पट्टीखालील भाग फुगतो. अधिक आवळल्यास रोहिणीही अडते व हात थंड पडतो. रोहिणीतून खाली गेलेले रक्तच नीलेतून वर येते, हे त्यावरून सिद्ध झाले. दोहोंमधील दुवा मात्र त्याला दिसला नाही. तो मालपिगी याने १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिला. त्याच केशवाहिन्या होत.

येथे एक तुलना विचारार्ह आहे. सिराव्यधाच्या वेळी अवयव बांधून सिर फुगवावी, असा विधी सुश्रुताने तपशीलवार सांगितला आहे. रक्तमोक्षण करणारा भारतीय वैद्य आणि रक्त काढणारा युरोपीय न्हावी हे दोघेही शतकानुशतके तीच पट्टी बांधत आले होते. निरीक्षण दोघांच्याही हाताशी होते. सिर पट्टीच्या एकाच बाजूला का फुगते, हा प्रश्न विचारून त्याला मोजमापाची जोड देणे, एवढेच काय ते उरले होते. आणि शास्त्राच्या इतिहासात तेवढेच निर्णायक ठरले.

मुंबईतील वैद्यकशिक्षण आणि मराठी परिभाषा

हार्वेनंतर सुमारे दोनशे वर्षांनी हे ज्ञान पद्धतशीर शिक्षणाच्या रूपाने मुंबईत आले, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की ते आरंभी देशी भाषांतून आले. इ. स. १८२६ मध्ये मुंबईत एतद्देशीयांसाठी वैद्यकशाळा स्थापन झाली. तिचे प्रमुख सर्जन जॉन मॅक्लेनन यांनी देशी भाषांत पाठ्यग्रंथ तयार करण्याचे काम हाती घेतले. ही शाळा १८३२ मध्ये बंद करण्यात आली. त्यानंतर गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ उभारलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. डॉ. चार्ल्स मोरहेड हे त्याचे पहिले प्राचार्य. येथील शिक्षण इंग्रजीतून होते. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड व आत्माराम पांडुरंग हे होते. मृत शरीराचे विच्छेदन करून शारीर शिकण्याची पद्धती या पिढीने स्वीकारली. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये तिचा आरंभ केला होता.

इ. स. १८६१ पासून ग्रँट महाविद्यालयात मराठी व गुजराती माध्यमाचे वर्ग चालविण्यात आले. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि डॉ. सखाराम अर्जुन यांसारख्या पदवीधरांनी या वर्गांसाठी अध्यापन केले. पुढे अशा प्रकारचे शिक्षण पुणे येथील वैद्यकीय शाळेत दिले जाऊ लागले. इंग्रजीत शिकून मराठीत शिकविणाऱ्या या पिढीपुढे परिभाषेचा प्रश्न उभा राहणे अपरिहार्य होते. रोजच्या मराठीत हृदयाला ‘काळीज’ म्हणत. पण खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. ‘नाडी’ म्हणजे मनगटाशी उडणारी ती. पण इजारीची नाडीही नाडीच. ‘शीर’ हा शब्द तर लोकव्यवहारात रक्तवाहिनी, स्नायुरज्जू व मज्जातंतू या तिन्हींना सरसकट लागे. अशा शब्दांनी अलिंद-निलयांचे व झडपांचे वर्णन करणे शक्य नव्हते. म्हणून संस्कृत कोठाराकडे वळणे भाग पडले.

हे कोठारही त्याच काळात छापील रूपाने खुले होत होते. पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह संपादिलेले अष्टांगहृदय मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून १८८० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादिलेल्या सुश्रुत व चरक संहिता याच छापखान्याने प्रसिद्ध केल्या. चरकाची प्रसिद्ध आवृत्ती १९४१ ची. विच्छेदनगृहात हृदय हाताळलेला पदवीधर व्यानवायूचे वर्णन करणाऱ्या ग्रंथाचे पाठभेद तपासतो, हे दृश्य एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे वैशिष्ट्य होय. दोन्ही विद्यांचा असा निकट सहवास घडल्यामुळेच जुना शब्द नव्या अर्थाने वापरणे स्वाभाविक वाटू लागले.

अशा रीतीने सुश्रुताची रक्तवाहक रोहिणी ही मराठीत हृदयापासून निघणारी वाहिनी झाली, आणि त्याची पित्तवाहक नीला ही हृदयाकडे येणारी वाहिनी झाली. त्वचेखालून निळसर दिसणाऱ्या वाहिनीस नीला म्हणणे डोळ्यांनाही पटणारे होते. अन्यत्र वेगळी निवड झाली. कलकत्त्याच्या गणनाथ सेन यांनी प्रत्यक्षशारीरात धमनी व सिरा हे शब्द घेतले, हिंदीत धमनी-शिरा हीच जोडी रूढ झाली, आणि मराठी लेखनातही ती रोहिणी-नीलेच्या शेजारी वावरत राहिली. एकाच अर्थासाठी दोन भाषांनी एकाच संहितेतून दोन वेगळ्या जोड्या उचलल्या, हाच मूळ ग्रंथात तो अर्थ निश्चित नव्हता याचा भक्कम पुरावा आहे. मूळ ग्रंथातच दिशेचा भेद असता, तर निवडीला वावच राहिला नसता.

‘अभिसरण’ या शब्दाचेही तसेच. संस्कृतात अभिसरण म्हणजे एखाद्याच्या भेटीस जाणे. अभिसारिका हा शब्द त्याच धातूचा. परतून येण्याचा अर्थ त्या शब्दाला मराठीने दिला. हे भाषेचे दौर्बल्य नसून सामर्थ्य आहे. मात्र नव्या अर्थाचे श्रेय भाषांतरकारांच्या परिश्रमाला आहे, हे विसरता कामा नये.

परळचे प्रयोग

विसाव्या शतकात हृदयविषयक ज्ञानाचे मुंबईतील केंद्र परळ येथे सरकले. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजेच के. ई. एम., १९२६ मध्ये सुरू झाले. येथील अध्यापकवर्ग भारतीय असावा, अशी देणगीदारांची अट होती. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाता. रुग्णालय नगरपालिकेचे असल्यामुळे गिरणगावातील कामगारास ते हक्काचे वाटे. १९५७ मध्ये मालाडसह दहिसरपर्यंतची उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा त्या हक्काचा परीघही विस्तारला.

जुन्या द्रव्याला नव्या मोजमापाची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण या परिसरातच आढळते. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. तिच्या मुळाने रक्तदाब उतरतो, असे निरीक्षण गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदविले. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईतील रुग्णांवर तिचा उपयोग करून, रक्तदाब मोजून, आपले निष्कर्ष १९४९ मध्ये लंडनच्या हृद्रोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर तिचा वापर जगभर सुरू झाला आणि १९५७ मध्ये वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. वनस्पती परंपरेने दिली; रक्तदाबाचे माप आधुनिक शास्त्राने दिले. दोहोंपैकी एकाचे नाव गाळल्यास इतिहास अपुरा राहतो.

हृदयाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या नावाशी निगडित आहे. त्या काळी दाटीवाटीच्या वस्तीत संधिज्वराचे प्रमाण मोठे होते. बालपणी झालेल्या या ज्वरामुळे द्विदली झडपेच्या पाळ्या एकमेकींस चिकटतात व वाट अरुंद होते. मग डाव्या अलिंदात रक्त तुंबते, त्याचा दाब मागे फुप्फुसांवर येतो आणि तरुण रुग्णास चार पायऱ्या चढताना धाप लागते. हृदयात बोट घालून ती वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत व इंग्लंडात १९४८ मध्ये पुन्हा प्रचारात आली होती. सेन यांनी ती के. ई. एम. मध्ये १९५२ साली केली. १९६५ मध्ये त्यांनी आणखी एक मार्ग मांडला. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयस्नायूचे पोषण बऱ्याच अंशी निलयातील रक्त सूक्ष्म पोकळ्यांतून थेट स्नायूत शिरून होते. मानवी हृदयाच्या परिहृद् रोहिण्या अरुंद झाल्यास स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून तशीच व्यवस्था निर्माण करता येईल काय, हा त्यांच्या प्रयोगाचा विषय होता. पुढील काळात लेसर किरणांनी अशी छिद्रे पाडण्याचे जे प्रयत्न अन्य देशांत झाले, त्यांच्या पूर्वपीठिकेत या प्रयोगांचा उल्लेख केला जातो.

दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी मानवी हृदयाचे पहिले प्रतिरोपण केले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी के. ई. एम. मध्ये भारतातील पहिले व जगातील सहावे हृदयप्रतिरोपण केले. बसविलेले हृदय चालू झाले. परंतु रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरात केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातील रुग्णही एका दिवसाच्या आतच दगावला.

पहिल्या अपयशाचे कारण हृदयातील रक्तमार्गाच्या दृष्टीने अत्यंत अर्थपूर्ण आहे. निरोगी अवस्थेत फुप्फुस रोहिणीतील दाब मोठ्या अभिसरणाच्या सुमारे पंचमांश असतो. महारोहिणीत तो १२० मिलिमीटर पाऱ्याइतका चढतो, तर फुप्फुस रोहिणीत सुमारे २५. म्हणून उजव्या निलयाची भिंत पातळ असते. दीर्घकाल हृद्रोगाने ग्रस्त असलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांतील वाहिन्या मात्र घट्ट होऊन त्यांचा विरोध वाढलेला असतो. त्याचे स्वतःचे उजवे निलय हळूहळू जाड होऊन त्या विरोधास सरावते. दात्याचे निरोगी हृदय तसे सरावलेले नसते. ते एकाएकी त्या विरोधापुढे उभे राहते आणि थकते. इब्न अल्-नफीसने तर्काने ओळखलेला, कोलंबोने वर्णिलेला तो लहान फेरा केवळ रक्ताची वाट नसून तो हृदयावर पडणारा भार आहे, हे परळच्या त्या रात्री प्रत्ययास आले. फुप्फुसांतील हा विरोध आधी मोजणे हे पुढे प्रतिरोपणासाठी रुग्ण निवडण्याचे एक आवश्यक अंग ठरले.

अडचण केवळ शास्त्राची नव्हती. मेंदू मृत झाला असता हृदय चालू असलेल्या व्यक्तीस मृत मानावे काय, याविषयी भारतात त्या वेळी कायदाच नव्हता. तो मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियमाने १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रतिरोपण केले. मुंबईला मात्र आणखी एकवीस वर्षे थांबावे लागले. पुण्यात मृत्यू पावलेल्या एका स्त्रीचे हृदय ऑगस्ट २०१५ मध्ये मुलुंडच्या रुग्णालयात आणून एका तरुणावर बसविण्यात आले आणि ते यशस्वी झाले. परळच्या पहिल्या प्रयत्नास तोवर सत्तेचाळीस वर्षे उलटली होती.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. हृदय हे पोषक द्रवाच्या गतीचे केंद्र होय, ही कल्पना भारतीय वैद्यकात स्पष्टपणे आढळते, आणि भेलसंहितेत परतीच्या प्रवाहाचे सूचनही आहे. परंतु हृदयाचे दोन भाग, फुप्फुसांतील फेरा, झडपांनी ठरविलेली दिशा आणि रक्ताचे परिमाण या चार गोष्टी तेथे नाहीत; त्यांच्याशिवाय त्या कल्पनेस रुधिराभिसरण म्हणता येत नाही. युरोपातील प्राचीन वैद्यकही याच ठिकाणी थांबलेले होते, त्यामुळे यात कोणा एका संस्कृतीचा उणेपणा नाही. रोहिणी व नीला या संज्ञांचा आधुनिक अर्थ हा संहिताकारांचा नसून, पाश्चात्त्य शारीर मराठीत आणणाऱ्यांचा आहे.

या अर्थांतराची उपेक्षा झाल्यास दोन्ही पक्षी अन्याय होतो. सुश्रुताच्या नीलेत हार्वेची नीला शोधणारा वाचक सुश्रुताची खरी नीला, म्हणजे पित्त, वर्ण व पोषण यांना एकत्र गुंफणारी एक स्वतंत्र विचारपद्धती, पाहूच शकत नाही. दुसरीकडे ज्यांनी देशी भाषेत हे शास्त्र शिकविण्याचा खटाटोप केला, त्यांचे काम अदृश्य होते. कारण त्यांनी घडविलेला शब्द आयताच मिळाला होता, असे समजले जाते. वस्तुतः त्या शब्दाच्या एका टोकास सुश्रुताचा पाटाच्या पाण्याचा दृष्टान्त आहे आणि दुसऱ्या टोकास १९६८ मध्ये परळच्या शस्त्रक्रियागृहात तीन तास चाललेले हृदय आहे. मराठी शाळेत रोहिणी व नीला यांची व्याख्या शिकविताना हा प्रवासही सांगितला जाणे अगत्याचे आहे.